बीपीएम जुळला तरी मिक्स बेसूर का वाटतो? डीजेच्या टेम्पो, की आणि एनर्जीची गोष्ट

भंडारा जिल्ह्यात डीजे म्हणजे माणूस नसतो, डीजे म्हणजे गाडी असते. पिकअपवर रचलेले बेसचे खोके, त्यावर टॉप, मागे धडधडणारा जनरेटर आणि गरगर फिरणारे लाइट. "डीजे आला का?" असं कुणी विचारलं की सगळे रस्त्याकडे बघतात. आणि त्या गाडीत लॅपटॉप घेऊन बसलेला जो पोरगा असतो, त्याला म्हणतात ऑपरेटर. जगात इतरत्र ज्याला डीजे म्हणतात, तो खरं तर हाच. त्याच्या कामाचा एक भाग आपल्याला दिसतो, गाणं लावणं. दुसरा भाग फक्त चुकला तरच कळतो: एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाणं.

हे चुकतं कसं, ते मी स्वतः चुकून पाहिलंय. मावसभावाच्या हळदीला थोडा वेळ लॅपटॉप माझ्या हातात आला. दोन हाउस ट्रॅक निवडले. स्क्रीनवर दोन्हीचा आकडा १२६. सिंकचं बटण दाबलं, दोन्हीचे ठोके एकावर एक बसले, आणि तरीही पुढची वीस सेकंदं असं काही ऐकू आलं की नाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक पाणी प्यायला निघून गेले. भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "बाबू, एक काळी एकमधी वाजून राह्यलं, दुसरं पांढरी दोनमधी. कसं जमन?"

काकांनी हाउस म्युझिक हा शब्दही ऐकलेला नव्हता. पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. तो नीट समजून घ्यायचा तर एकच प्रकार डोळ्यांसमोर ठेवू: प्रोग्रेसिव्ह हाउस.

प्रोग्रेसिव्ह हाउसच का?

कारण हे संगीत मिक्स व्हायलाच जन्माला आलंय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हा प्रकार आकाराला आला. 'प्रोग्रेसिव्ह हाउस' हे नाव रूढ करण्याचं श्रेय दिलं जातं डॉम फिलिप्स या पत्रकाराला. १९९२ मध्ये 'मिक्समॅग' या मासिकात त्याने ते वापरलं. (हाच डॉम फिलिप्स पुढे ब्राझीलमध्ये जाऊन अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर लिहू लागला आणि जून २०२२ मध्ये तिथेच त्याची हत्या झाली. बातमी वाचताना अनेकांना हा तोच माणूस हे माहीतही नव्हतं.) साशा आणि जॉन डिगवीड या जोडीने या संगीताचे तासन्‌तास चालणारे सेट लोकप्रिय केले.

याचा वेग साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांचा. गाणं सहा-आठ मिनिटांचं, मुखडा-अंतरा असा प्रकार फारसा नाही. सुरुवातीला बराच वेळ नुसता ताल, मग बेस, मग सुरांचा एक थर, मग दुसरा. शेवटी त्याच क्रमाने एकेक थर उतरत जातो आणि पुन्हा नुसता ताल उरतो. ही रिकामी सुरुवात आणि रिकामा शेवट डीजेसाठी सोडलेला असतो. एकाच्या शेवटावर दुसऱ्याची सुरुवात ठेवायची, म्हणजे सांधा दिसत नाही. आपल्या वरातीतल्या गाण्यांना ही सोय नसते. तिथे पहिल्या पाच सेकंदांतच गायक सुरू होतो. त्यामुळे हाउसमध्ये जे हात बसवता येतात, ते थेट वरातीच्या गाण्यांवर शिकायला गेलं तर जड जातं.

आधी टेम्पो: इथे गोव्याची आठवण काढावी लागेल

टेम्पो म्हणजे लय, आणि ती मोजायचं एकक म्हणजे बीपीएम, मिनिटाला किती ठोके. एक गाणं १२६ चं आणि दुसरं साडे १२६ चं असेल तर फरक किरकोळ वाटतो. पण दोन्ही एकाच ठोक्यावर सुरू करा आणि मिनिटभर थांबा. दुसरं गाणं बरोबर अर्धा ठोका पुढे गेलेलं असेल. म्हणजे एकाचा 'धम्म' दुसऱ्याच्या दोन 'धम्म'च्या मधोमध. ऐकणाऱ्याला वाटतं, घोडा पायऱ्यांवरून पळतोय. म्हणून एकाचा वेग दुसऱ्याइतका करावाच लागतो.

यासाठी डीजेच्या टर्नटेबलवर वेग कमी-जास्त करायची पट्टी असते. १९७९ मध्ये आलेल्या टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके २ या मॉडेलवर ती दोन्ही बाजूंना आठ टक्के सरकायची, आणि तेच जगभरच्या क्लबांचं हत्यार झालं.

पण गोव्याच्या किनाऱ्यावर वेगळंच घडलं. हणजूणच्या पार्ट्यांमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकात गोवा गिलसारखे डीजे तबकड्यांऐवजी टेप वाजवत. उन्हात आणि दमटपणात व्हिनाइल वाकडं व्हायचं, शिवाय जगभरातून आणलेलं संगीत छोट्या डिजिटल कॅसेटवर, म्हणजे डॅटवर, सहज मावायचं. अडचण एकच होती. या डॅट प्लेअरवर वेग बदलायची पट्टी नसायची, त्यामुळे ठोक्याला ठोका जुळवणं अशक्य. मग उपाय काय? गाण्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी तालच नको. नुसते तरंगणारे सूर, वाऱ्यासारखे आवाज, आणि त्यांच्या आडून एक गाणं दुसऱ्यात विरघळवायचं. गोवा ट्रान्सच्या त्या लांबलचक, ठोका नसलेल्या सुरुवातींमागे हेही एक कारण होतं. अध्यात्म होतंच, पण मशीनची मर्यादाही होती. त्याच गोव्यात २००७ मध्ये कांदोळीला पहिलं सनबर्न झालं, तोवर वेग जुळवणं ही रोजची गोष्ट झाली होती.

आज सिंकचं बटण ते काम अर्ध्या सेकंदात करतं. पण दोन ठिकाणी ते फसतं. एक, सॉफ्टवेअर कधीकधी दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवतं, ९० च्या गाण्याला १८० म्हणतं. ठाय आणि दुगुन यांत त्याचा गोंधळ होतो म्हणा ना. दोन, जुनी हिंदी-मराठी गाणी वादकांनी समोरासमोर बसून वाजवलेली आहेत, त्यांची लय श्वासासारखी किंचित मागेपुढे होते. तिथे स्क्रीनवरच्या रेघा आणि प्रत्यक्ष ठोका यांची फारकत होते आणि हाताने सावरावं लागतं.

ठोका जुळणं पुरेसं नाही, सम जुळली पाहिजे. ज्याने तबला थोडाफार ऐकलाय, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. हाउसमध्ये चार ठोक्यांचा एक बार, आणि अशा चार बारचे सोळा ठोके, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. नवा थर जवळजवळ नेहमी अशा आवर्तनाच्या समेवर येतो. ३२ बार म्हणजे १२८ ठोके, आठ आवर्तनं. वेग १२८ असेल तर ३२ बार बरोबर एका मिनिटात संपतात. म्हणून अनुभवी डीजे घड्याळ न बघता नुसतं मोजत असतो. दुसरं गाणं सातव्या मात्रेवर सोडलं तर ठोके जुळलेले असूनही ऐकणाऱ्याला काहीतरी तिरकं वाटतं. अनेक कोळीगीतं दादऱ्याच्या झोकात, सहा मात्रांत झुलतात. ती चारच्या हिशेबात कोंबायचा प्रयत्न करू नका. तिथे सरळ थांबून नवं गाणं सुरू केलेलं बरं.

की म्हणजे काय? पेटीवाल्या काकांना विचारा

इंग्रजीतली 'की' म्हणजे गाण्याचा षड्ज कुठे आहे आणि त्यावर कोणते सूर लागतात. आपल्याकडे गायक पेटीवाल्याला "काळी दोन द्या" किंवा "पांढरी चार" म्हणतो, तेव्हा तो कीच सांगत असतो. काळी एक आणि पांढरी दोन या शेजारच्या पट्ट्या, मध्ये फक्त अर्ध्या सुराचं अंतर. अंतर इतकं कमी की जुळेल असं वाटतं, आणि नेमकं तेच कानाला सर्वांत जास्त खुपतं. माझं हळदीत झालं ते हेच.

मग काय जुळतं? षड्ज आणि पंचम. पांढरी एकचा पंचम पांढरी पाच, पांढरी पाचचा पंचम पांढरी दोन. असं बारा वेळा पुढे जात राहिलं की आपण पुन्हा पांढरी एकवर येतो. ही बारा घरं घड्याळासारखी गोल मांडायची आणि प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. मार्क डेव्हिस या संगीतकाराने तयार केलेलं हे कॅमलॉट व्हील आज 'मिक्स्ड इन की'सारख्या सॉफ्टवेअरमुळे घरोघरी, म्हणजे गाडोगाडी, पोचलंय. त्यात 'बी' म्हणजे मेजर आणि 'ए' म्हणजे मायनर. पांढरी एकचा मेजर ८बी, त्याचा पंचम ९बी. नियम छोटा आहे: तोच आकडा, एक पुढचा, एक मागचा, किंवा आकडा तोच ठेवून ए-बी बदल.

हे का चालतं, ते थाटांच्या भाषेत फार सुंदर कळतं. मुंबईत जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची वर्गवारी दहा थाटांत केली. पांढरी एकवर सगळे शुद्ध सूर घेतले तर बिलावल थाट, हा झाला ८बी. आता ९बी चे सूर याच षड्जावरून मोजून बघा: फक्त मध्यम तीव्र होतो, बाकी सगळे तेच. म्हणजे कल्याण थाट. ७बी चे मोजा: फक्त निषाद कोमल, म्हणजे खमाज. चक्रावर एक घर सरकणं म्हणजे सातपैकी एकच सूर बदलणं. आणि ८बी वरून ८ए वर गेलात तर एकही सूर बदलत नाही. फक्त षड्ज पांढरी एकवरून पांढरी सहावर जातो आणि तेच सूर आसावरी थाटासारखे उदास वाटू लागतात. प्रोग्रेसिव्ह हाउसमधलं बरंच काम या मायनरच्या पट्ट्यात चालतं.

उलट, चक्रावर समोरासमोरची घरं घ्या, ८ए आणि २ए. पांढरी सहा आणि काळी दोन. सात सुरांपैकी जेमतेम दोन सामाईक. ही दोन गाणी सुरांसकट एकावर एक ठेवलीत तर भांडण ठरलेलं.

पण 'सुरांसकट' हा शब्द महत्त्वाचा आहे आणि नवशिक्यांना तो कुणी सांगत नाही. पहिल्याच्या शेवटी नुसता ताल असेल आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाही नुसता ताल, तर की जुळली काय आणि नाही काय. भांडायला सूरच नाहीत. चक्राचा आकडा जुळत नाही म्हणून चांगलं गाणं टाकून देणारे लोक मी पाहिलेत. मला तरी तो वेडेपणा वाटतो.

सॉफ्टवेअर की ओळखण्यात चुकतंही. खात्री करायची देशी युक्ती म्हणजे मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप. स्क्रीन म्हणते ती पट्टी तानपुऱ्याला लावा आणि गाणं सोबत वाजवा. गाणं त्यावर निवांत बसलं तर आकडा बरोबर. किरकिर झाली तर एक-दोन पट्ट्या सरकवून बघा.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या धुमालमध्ये हा प्रश्न जन्मालाच येत नाही, हे बघण्यासारखं आहे. गाडीवर ताशे-नगाऱ्यांचा ताल अखंड चालू असतो आणि कीबोर्डवाला त्याच सुरात एका गाण्याच्या चालीवरून दुसऱ्या चालीवर घसरतो. लय तीच, षड्ज तोच, गाणं नवं. प्रोग्रेसिव्ह हाउसचा डीजे दोन प्लेअर आणि मिक्सर घेऊन जे साधू बघतो, ते हे लोक चक्राचं नावही न घेता चौकाचौकात करतात.

वेग बदलला की सूरही सरकतो

टेम्पो आणि की या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकवल्या जातात, पण मुळात त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. कॅसेट प्लेअरच्या बॅटऱ्या उतरल्या की गायकाचा आवाज जाड व्हायचा, आठवतंय? वेग कमी झाला की सूर खाली येतो. अर्धा सूर वर जायला वेग साधारण सहा टक्के वाढावा लागतो. १२० चं गाणं १२७ वर नेलं तर ते जवळजवळ पूर्ण अर्धा सूर चढतं. म्हणजे ८ए होतं ते ३ए झालं, पांढरी सहाचं काळी पाच. स्क्रीनवर मात्र जुनाच आकडा दिसत असू शकतो.

यावर की-लॉक नावाचं बटण आहे. ते वेग बदलूनही सूर जागेवर ठेवतं. दोन-तीन टक्क्यांपर्यंत कुणाला कळत नाही. त्याहून जास्त ताणलं की गायकाच्या आवाजाला पत्र्याची झाक येते आणि ढोलाची धार जाते. म्हणून १०० चं गाणं ओढून १२६ वर आणू नका. टप्प्याटप्प्याने, दर गाण्याला एक-दोन ठोके वाढवत वर जाणं कानाला सुखाचं.

एनर्जी: जी मोजता येत नाही, पण रिकामी जागा दाखवते

सॉफ्टवेअर गाण्याला एक ते दहापैकी एनर्जीचा गुणही देतं. हा आकडा मार्गदर्शक म्हणून ठीक आहे, पण मी त्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवतो. डेडमाऊसचं 'स्ट्रोब' हे २००९ च्या अल्बममधलं गाणं घ्या. साडेदहा मिनिटांचं, वेग १२८. सुरुवातीची काही मिनिटं त्यात ढोलच नाही. शेवटी तेच गाणं हजारोंना उड्या मारायला लावतं. बीपीएम एकच, एनर्जी दोन टोकांची. मग त्याला एक गुण कसा द्यायचा?

एनर्जी ठरते ती बेस किती भरलेला आहे, वरची झांज किती दाट आहे, आवाज उजळ आहे की मंद, मध्ये श्वास घ्यायला जागा आहे की नाही, यावर. आणि समोर कोण आहे यावर. आठ वाजता जेवणाच्या पंगती चालू असताना नऊ गुणांचं गाणं लावलं तर ते गुण वाया.

आवाज वाढवणं म्हणजे एनर्जी वाढवणं नव्हे, हा सर्वांत महागडा गैरसमज आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट ताकद लागते. मिक्सरवर लाल दिवा पेटू लागला की आवाज वाढत नाही, फक्त फाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी दिलेली मर्यादा सरासरी १०० डेसिबलची आहे, आणि आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. वरातीच्या गाडीसमोर हे आकडे वाचून हसू येतं, पण बेसच्या खोक्याला पाठ लावून तीन तास बसणाऱ्या ऑपरेटरच्या कानांना हसू येत नाही. कानच गेले तर काळी एक काय आणि पांढरी दोन काय.

आवाज न वाढवता जोर वाढवायचा उपाय आहे: आधी तो काढून घ्या. पहिल्या गाण्याचा बेस मिक्सरवर हळूहळू कमी करा, आवर्तनभर बेसशिवाय चालू द्या, आणि समेवर दुसऱ्या गाण्याचा बेस पूर्ण सोडा. आवाज तितकाच असतो, पण जमिनीतून काहीतरी वर आल्यासारखं वाटतं. दोन्ही गाण्यांचे बेस एकाच वेळी उघडे ठेवले तर नुसता चिखल होतो, आणि वरातीच्या मोठ्या खोक्यांवर तो घरातल्या हेडफोनपेक्षा दसपट जाणवतो.

आता तिन्ही गोष्टी एकत्र करून बघू. समजा चालू गाणं १२४ चं, ८ए, गुण सहा. पुढच्यासाठी तीन पर्याय आहेत. पहिलं १२४, ८ए, पण गुण तीन. दुसरं १२६, ९ए, गुण सात. तिसरं १२४, २ए, गुण सात. कागदावर पहिलं सर्वांत 'जुळणारं' आहे. पण नाच रंगात आलाय, तर ते लावणं म्हणजे चुलीवर पाणी. दुसरं सरळ आहे: वेग दीड टक्क्याने वाढवायचा, सुरांचा एक थर चढवत न्यायचं. तिसरंही लावता येईल, फक्त तालावर ताल ठेवून, सूर सुरू होण्याआधी पहिलं गाणं बंद करून.

हाच निर्णय साडेनऊला वेगळा असेल. नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाहीत. झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर चालतं, दिवाळीनंतरच्या मंडईत लोक उजाडेपर्यंत बसतात, त्यामुळे इथल्या माणसाला रात्र मोठी वाटते. डीजेची रात्र मात्र दहाला संपते. बरेच ऑपरेटर सर्वांत मोठं गाणं पावणेदहाला काढतात आणि ऐन भरात हवालदार येऊन प्लग काढायला लावतो. त्यापेक्षा शिखर सव्वानऊच्या आसपास गाठा. मग गुण आठवरून सहा, सहावरून चार, वेग १२८ वरून १२२. शेवटचं गाणं असं निवडा ज्याच्या शेवटी दीड-दोन मिनिटं नुसता ताल उतरत जातो, आणि ते नऊ वाजून बावन्न मिनिटांनी सुरू करा.